खानदेशचें गॅझेटियर आणि व्यापाऱ्याचें अभय

मुंबई सरकारच्या गॅझेटियरमालेचा बारावा खंड खानदेश जिल्ह्याविषयीं असून तो इ. स. १८८० मध्यें मुंबईस सरकारी छापखान्यांत छापला गेला. मालेचे संपादक जेम्स कॅम्बेल हे होत. १९०६ सालीं या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, पुढें त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, १९९८ सालीं नंदुरबार निराळें निघालें. परंतु या टापूंतील एखाद्या गांवाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य आजहि प्रथम हाच खंड उघडतो. आतां तो संगणकावरहि वाचावयास मिळत असल्यामुळें त्यांतील विधानें, मूळ ग्रंथाचें नांव न घेतां, स्मरणिकांतून व गांवोगांवच्या माहितीपत्रकांतून सर्रास फिरत आहेत. ज्या ग्रंथाचा अधिकार इतका चालतो, त्याची परीक्षाहि तितक्याच काळजीनें झाली पाहिजे. सबंध ग्रंथाचें परीक्षण करण्याचा येथें हेतु नाहीं. राज्य, कायदा व व्यापार यांच्या परस्परसंबंधाविषयीं जी एक समजूत ग्रंथांत आरंभापासून गृहीत धरलेली आहे, तेवढीच तपासावयाची आहे.

ती समजूत थोडक्यांत अशी: १८१८ पूर्वीं खानदेशांत बेबंदशाही माजली होती, म्हणून पेठा ओस पडल्या, इंग्रजी अंमल बसतांच अरब, पेंढारी व भिल्ल यांचा बंदोबस्त झाला, म्हणून व्यापार पुन्हां उभा राहिला. या मांडणींत भय म्हणजे लुटारूचें भय, आणि अभय म्हणजे त्या लुटारूचें पारिपत्य, इतकाच अर्थ धरलेला आहे. आमच्या मतें व्यापाऱ्यास भयें दोन असतात. एक चोराचें, आणि दुसरें ज्याच्या राज्यांत तो दुकान मांडतो त्या सत्तेच्या लहरीचें. पहिलें हत्यारानें निवारतें. दुसरें निवारावयास लिहून दिलेलें व पाळलेलें वचन लागतें. अशा वचनास आपल्या दफ्तरांत कौल म्हणतात. गॅझेटियरकारांनीं पहिल्या भयाचा इतिहास सविस्तर दिला. दुसऱ्याचा इतिहास त्यांनीं लिहिला नाहीं. त्याचीं साधनें मात्र त्यांच्याच पानांत जागोजाग विखुरलेलीं आहेत.

(१) ग्रंथाची योग्यता

दोष दाखविण्यापूर्वीं गुण सांगणें हा टीकेचा धर्म आहे. पिकें, मापें, बाजार, सावकारी, शेतसारा, न्यायखातें यांची एवढी संगतवार माहिती १८८० पूर्वीं खानदेशाविषयीं कोणीं एकत्र केलेली नव्हती. भिल्लांवर पूर्वीच्या व इंग्रजांच्या कारकीर्दींत झालेला जुलूम त्यांत सर्वस्वीं झांकलेला नाहीं. गांवांच्या प्रकरणांत तर धरणगांव, यावल, पारोळें, एरंडोल यांसारख्या ठिकाणांविषयीं अशीं टिपणें आहेत कीं, तीं तेथें नसतीं तर आज कोणास ठाऊकहि नसतीं. परंतु ग्रंथ लिहविणारें सरकार व ग्रंथांत ज्याची कामगिरी वर्णावयाची तें सरकार एकच होतें. अशा ठिकाणीं लेखक खोटें लिहीत नाहीं. तो कारणांची निवड करतो. वाचकानें सावध राहावयाचें तें या निवडीविषयीं.

(२) शास्त्राचा दाखला

चोरीस गेलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रांत व अर्थशास्त्रांत फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत चोरानें नेलेलें द्रव्य राजानें प्रजेस द्यावें, न दिल्यास चोराचें पाप राजास लागतें, असा स्पष्ट नियम आहे. कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. तें गॅझेटियरच्या कर्त्यांस उपलब्ध नव्हतें, म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु आज आपणांस तें उपलब्ध असतां त्याचा उपयोग न करणें हा आपला दोष होईल. त्यांत दुसऱ्या अधिकरणाच्या शुल्काध्यक्षप्रकरणीं सीमेवरील अंतपालानें मालाच्या दर गाडीमागें सव्वा पण वर्तनी, म्हणजे वाटेचा कर, घ्यावा असें सांगून, लगेच मालापैकीं जें हरवेल अथवा चोरीस जाईल तें त्यानेंच भरून द्यावें, असें म्हटलें आहे. चौथ्या अधिकरणांत हीच जबाबदारी वांटून दिली आहे. गांवांत उतरलेल्या सार्थाचा माल रात्रीं गेला तर गांवच्या मुख्यानें द्यावा. दोन गांवांमधील रानांत गेला तर विवीताध्यक्षानें, आणि तेथें तोहि नसेल तर चोररज्जुकानें द्यावा.

येथें कर आणि भरपाई हीं एकाच व्यवहाराचीं दोन अंगें आहेत. जो वाटेचा पैसा घेतो, तो वाटेवरच्या नुकसानीस बांधला जातो. पहिल्याच अधिकरणांत राजाची उत्पत्ति सांगतांना धान्याचा सहावा व पण्याचा दहावा भाग लोकांनीं मनूस दिला तो योगक्षेमाबद्दल, असें कौटिल्य सांगतो. वर्तनीचा नियम त्याच तत्त्वाचा व्यवहारांतील अवतार होय.

हें तत्त्व केवळ पोथींत राहिलें नाहीं. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत चोराचा माग काढण्याची गांवची रीत वर्णिली आहे. ज्या गांवच्या शिवेंत माग पोंचला, त्या गांवानें तो पुढें काढून द्यावा, नाहीं तर माल भरून द्यावा, अशी ती रीत होती. गांवच्या जागल्याचे हक्क याच जबाबदारीचा मोबदला होते. कौटिल्य व एल्फिन्स्टन यांच्यामध्यें दीड हजारांहून अधिक वर्षें आहेत. तरीहि दोघांनीं सांगितलेल्या व्यवस्थेचा सांगाडा एकच दिसतो. मधल्या काळांतील हा धागा जोडावयाचा तर गांवोगांवचे महजर, जामीनकतबे व जागल्यांच्या हक्कांचे कागद पाहिले पाहिजेत. स्वारीशिकारीच्या बातम्यांतून तो हातीं लागणार नाहीं.

(३) चौथाई व धरणगांवची वखार

१६७० सालीं प्रतापराव गुजर खानदेशांत शिरले, तेव्हां त्यांनीं गांवच्या अधिकाऱ्यांकडून वसुलाचा चौथा हिस्सा देण्याविषयीं लेखी कबुलायत घेतली, आणि जेथून ही रक्कम पोंचेल तेथें पावती मिळेल, लूट होणार नाहीं व संरक्षण होईल, असें आश्वासन दिलें. प्रत्यक्ष मोगली मुलखावर चौथाई बसविण्याचा आरंभ यापासून धरावा, असें ग्रांट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासांत म्हणतो. चौथाई म्हणजे खंडणी, एवढेंच सांगून आपले पुष्कळ लेखक पुढें जातात. या प्रसंगांतील महत्त्वाचा भाग कबुलायत आणि पावती हा आहे. लूट व कर यांत भेद करणारी वस्तु ती पावतीच होय; कारण तिनें घेणाऱ्याचेहि हात बांधले जातात.

धरणगांवीं इंग्रजांची वखार १६७४ सालीं होती, ती १६७५ त व पुन्हां १६७९ त शिवछत्रपतींच्या फौजेनें आणि १६८५ त संभाजी महाराजांच्या फौजेनें लुटली, असें गॅझेटियर नोंदवितें. नोंद खरी आहे. परंतु ती एकटी वाचली असतां धनी नसलेल्या मुलखांत लूटमार चालली होती, असा भास होतो. तिच्या शेजारीं त्याच १६७४ सालची दुसरी गोष्ट ठेवली पाहिजे. राज्याभिषेकाच्या प्रसंगीं हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला असतां जो तह ठरला, त्यांत १६६१ सालीं लुटलेल्या राजापूरच्या वखारीबद्दल दहा हजार होन भरपाई देण्याचें कबूल झालें होतें. म्हणजे एकाच राजाच्या एकाच काळीं एका वखारीची भरपाई लेखी ठरते, आणि दुसरी वखार लुटली जाते. यांत विसंगति नाहीं. राजापूर स्वराज्यांतील बंदर; तेथील व्यापाराच्या योगक्षेमाचा भार राजानें घेतला होता. धरणगांव मोगलाईंत, तेथील जकात बादशहास पोंचत होती, आणि म्हणून तेथील रक्षणाचा भारहि बादशहाच्या सुभेदारावर होता. हा निर्णय आमचा आहे, तो गॅझेटियरांत नाहीं. परंतु वर सांगितलेलें वर्तनीचें सूत्र ध्यानांत घेतल्यास दुसरा निर्णय संभवत नाहीं. व्यापाऱ्याचें अभय हें ज्यानें शिक्का केला त्याच्या सरहद्दीपर्यंतच चालतें. इंग्रजांनीं हें ओळखलें होतें, म्हणूनच एका हातानें बादशाही फर्मान व दुसऱ्या हातानें रायगडचा तह धरून ते वागत होते.

(४) १८०२ पासून १८२५ पर्यंत

यशवंतराव होळकरांच्या फौजांनीं केलेली नासाडी, त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, आणि पुढील पंधरा वर्षांतील अरब शिबंदी व पेंढारी यांचा धुमाकूळ, हें गॅझेटियरमधील वर्णन अतिशयोक्त म्हणतां येत नाहीं. आपल्याच लोकांचा हा काळ असला तरी तो काळा होता, हें कबूल केलें पाहिजे. मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींतील मक्त्याची पद्धत या वर्णनांत जितक्या ठळकपणें यावयास हवी तितकी येत नाहीं. महाल ज्यानें चढ बोलींत घेतला त्याचा अंमल मक्त्याच्या मुदतीपुरता. मागील मक्तेदाराचा कौल पुढील पाळीलच याचा भरंवसा नाहीं. अशा स्थितींत रस्ते निर्भय असते तरीहि शहाण्या सावकारानें पेठेंत पैसा घातला नसता.

भिल्लांच्या प्रकरणांत हें अधिक स्पष्ट होतें. घाटांच्या व वाटांच्या राखणीबद्दल त्यांचे हक्क चालत आले होते. ते बंद पडल्यावर राखणारेच लुटूं लागले. यावर सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनीं काढलेला उपाय कोपरगांवच्या कत्तलीचा. भिल्लांस विश्वासानें बोलावून मारिलें. त्यापासून बंड शमलें नाहीं, सरकारच्या शब्दाची मात्र किंमत गेली. १८१८ च्या जानेवारींत मंदसोरच्या तहानें होळकरांचा खानदेशांतील मुलूख इंग्रजांकडे आला, आणि त्यांनींहि आरंभ दहशतीनेंच केला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं थाळनेरचा किल्ला घेतल्यावर सर टॉमस हिस्लॉपनें किल्लेदार तुळशीराम मामा यांस फांशीं दिलें, शिबंदीची कत्तल झाली. त्यानंतर मालेगांव व अमळनेर येथील अरबांशीं लढावें लागलेंच. आणि भिल्लांवर सात वर्षें पलटणी पाठवूनहि डोंगर शांत झाले नाहींत.

शांतता आली ती १८२५ पासून. त्या वर्षीं भिल्लांसाठीं तीन एजन्स्या निघाल्या. औटरामनें भिल्ल पलटण उभारली व तिचें ठाणें धरणगांवास आलें. दक्षिण भागांत कन्नड येथें ओव्हन्स बसला. मागील गुन्ह्यांची माफी, बंद पडलेले हक्क, जमीन व तगाई आणि नोकरी, हीं या व्यवस्थेचीं अंगें गॅझेटियरनेंच सांगितलीं आहेत. औटरामनें प्रथम डोंगरांत छापा घातला व मग भरती केली, हेंहि खरें. हत्यारावांचून नुसत्या कौलास कोणी मान देत नाहीं. तथापि सात वर्षें हत्यार होतें आणि यश नव्हतें. वचनाची जोड मिळाली तेव्हां तें आलें. इतकी सामग्री हातीं असतां ग्रंथाचा एकंदर सूर पलटणीकडे झुकलेला राहतो, हें नवल आहे.

धुळ्याचें उदाहरण याच जातीचें. दुष्काळांत ओस पडलेलें हें गांव विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं पुन्हां वसविलें. पुढें कप्तान ब्रिग्जनें तेथें आपलें मुख्य ठाणें केलें. त्यानें घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, बांधकामास आगाऊ रकमा दिल्या, लांबून कारागीर व व्यापारी बोलाविले. गॅझेटियरांत ही इंग्रजी धोरणाची नवी गोष्ट म्हणून येते. ज्यानें पेठ वसविण्याचे जुने कौल वाचले आहेत, त्यास त्यांत नवें कांहीं दिसणार नाहीं. इतक्या वर्षांची जकात माफ, मग इस्ताव्याप्रमाणें हळूहळू चढती, शेटे-महाजनांस वतन, आणि उपद्रव न देण्याचें अभयवचन, असाच त्या कौलांचा मजकूर असतो. ब्रिग्जनें जुनीच वाट उचलली व ती प्रामाणिकपणें चालविली. श्रेय द्यावयाचें तें या प्रामाणिकपणास.

(५) एरंडोलचे दोन धडे

१८५२ सालीं महसुली पाहणी सुरू झाली, तेव्हां सावदें, फैजपूर व एरंडोल या भागांतील कुणबी खवळून उठले. पाहणीच्या अंमलदारांस काम बंद करावें लागलें. शेवटीं फैजपुरावर फौज पाठवून पुढारी पकडले, तेव्हां दंगा मोडला. गॅझेटियर हा प्रसंग बंदोबस्ताच्या सदरांत घालतें. परंतु या पाहणीचें फलित काय होतें? धारा ठरवून तो तीस वर्षें न वाढविण्याची हमी. म्हणजे जी गोष्ट पुढें रयतेचा कौल व्हावयाची, तिच्याच विरुद्ध रयत उठली! कौल देणाऱ्यानें घेणाऱ्यास विश्वासांत घेतलें नाहीं, सांखळी व फरफळें घेऊन अंमलदार थेट शेतांत शिरले. तेव्हां मोजणी म्हणजे वाढ, हा लोकांचा तर्क पूर्वानुभवास धरूनच होता. कायदा हितकर असून भागत नाहीं, तो समजलाहि पाहिजे, एवढा अर्थ या दंग्यांतून निघतो, आणि तो दंगा मोडल्याच्या वर्णनांत हरवून जातो.

दुसरा धडा कागदाचा, आणि तो या त्रैमासिकाच्या वाचकांस अधिक जवळचा आहे. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरांत एरंडोलविषयीं असें आहे कीं, हें गांव जाड्या देशी कागदाबद्दल पूर्वीं प्रसिद्ध होतें व तो धंदा अजून थोड्या प्रमाणांत चालतो. ‘पूर्वीं प्रसिद्ध’ व ‘अजून थोडा’ यांच्यामध्यें काय घडलें, तें तेथें नाहीं. येथें कोणी पेंढारी आला नव्हता. रस्ते निर्भय होते. १८३८ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील वाटेवरच्या जकातीहि उठल्या होत्या. गॅझेटियरच्या समजुतीप्रमाणें हा धंदा भरभराटावयास हवा होता.

तो बसला याचें एक कारण गिरणीचा स्वस्त कागद, हें निःसंशय. चिंध्या व तागाचें गोणपाट कुटून, चुन्यांत मुरवून, छापरीवर ताव उचलून, खळ देऊन दगडानें घोटावयाचा, इतक्या श्रमांचा कागद यंत्राशीं दरांत टिकणें कठीणच. परंतु दुसरें कारण सरकारी हुकुमांत आहे. कागदाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक नेहमींच सरकार असतें. सर चार्ल्स वुड हे १८५९ ते १८६६ पर्यंत भारतमंत्री असतां त्यांनीं हिंदुस्थान सरकारास लागणारा माल विलायतेंतच खरेदी करावा असा हुकूम काढला, आणि त्यामुळें या देशांतील कागदाच्या उत्पादनास मोठा धक्का बसला, असें जॉर्ज वॉट या सरकारी तज्ज्ञानेंच १९०८ सालीं लिहून ठेविलें आहे. त्यांतच तुरुंगांतून कैद्यांच्या हातून कागद करविण्यांत येई. ज्या कामकऱ्यास मजुरी द्यावी लागत नाहीं त्याच्याशीं कागद्यानें दरांत कसें झगडावें? तिसरी गोष्ट मुद्रांकाची. व्यवहार न्यायालयांत ग्राह्य व्हावयाचा तर तो छापील मुद्रांकाच्या कागदावर पाहिजे झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो कागद विलायतेहून येऊं लागला. १९२५ च्या सुमारास नाशिकचा सरकारी छापखाना निघेपर्यंत हा क्रम चालला. एरंडोलच्या तावावर पूर्वीं लिहिलें जाणारें करारपत्र त्याच तावावर लिहिलें तर आतां कच्चें ठरूं लागलें.

एरंडोलच्या कागद्यास चोरापासून अभय मिळालें होतें. खरेदीच्या नियमापासून मिळालें नव्हतें. त्याची बाजू ज्यांत लिहून ठेवावी असा कौल त्यास कोणीं दिला नाहीं, कारण त्याचें म्हणणें ऐकण्याची कोणास गरज वाटली नाहीं. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व हातकागदाकडे पुन्हां लक्ष गेलें, तोंपर्यंत गिऱ्हाईक व कसब दोन्ही पातळ झालीं होतीं.

(६) संग्राहकांस विनंती

या सर्व विवेचनाचा व्यवहारांतील उपयोग एवढाच कीं, आपण काय जपावयाचें याचा पुन्हां विचार व्हावा. मोठ्या शिक्क्याची सनद अथवा प्रसिद्ध सरदाराचें पत्र असलें तर तें चौकटींत जातें. जकातीची पावती, पेठेचा कौल, दस्तकाचा चिटोरा, महाजनाच्या वहींतील याद, हीं रद्दींत जातात. राजवाड्यांनीं ज्या खानदेशांत आपलीं शेवटचीं वर्षें घालविलीं आणि ज्यांच्या मागें १९२७ सालीं धुळ्यास त्यांच्या नांवाचें मंडळ निघालें, त्या प्रांतांत तरी असें होऊं नये. एरंडोल, धरणगांव, यावल, पारोळें, सावदें येथील जुन्या दुकानदारांच्या व शेटे-महाजनांच्या घरीं असे कागद असण्याचा संभव आहे. ज्यांच्याजवळ ते असतील त्यांनीं मूळ द्यावयाचें नसल्यास नक्कल अथवा छायाचित्र तरी मंडळाकडे पाठवावें.

नक्कल पाठवितांना केवळ मजकूर पुरे नाहीं. तारीख मूळ सनावळींत जशी असेल तशी द्यावी व मग इसवी सन काढावा. कागद उजेडापुढें धरून छापरीच्या काड्यांच्या रेषा दिसतात कीं पाण्याचा विलायती छाप दिसतो, घोट एका अंगास आहे कीं दोन्ही अंगांस, हें टिपावें. विलायती छापांत पुष्कळदां सालहि असतें. अठराव्या शतकांतील म्हणून मिरविणाऱ्या कागदांत एकोणिसाव्या शतकाचें साल आढळलें तर वाद तेथेंच मिटतो. कौल कोणीं दिला याबरोबर तो पुढील अंमलदारानें पाळला कीं मोडला, याचा पुरावा त्याच रुमालांत शोधावा. पाठीवरचे शेरे व मागाहूनच्या ताकिदी याच कामीं उपयोगी पडतात.

हे कौल दहा-वीस जरी एकत्र छापून निघाले, तरी गॅझेटियरच्या व्यापारप्रकरणास त्यांची जोड देऊन खानदेशच्या पेठांचा इतिहास नव्यानें लिहितां येईल. कोणत्या पेठेस कोणत्या सालीं काय माफी होती, ती किती वर्षें चालली, आणि ती बंद झाल्यावर तेथील दुकानें वाढलीं कीं कमी झालीं, एवढें कोष्टक प्रथम तयार व्हावें, ही या लेखामागील अपेक्षा आहे. इत्यलम्.